तारांच्या जोडीचा अदृश्य कारभारी

पावसाचा जोर वाढला की दूरध्वनीत खरखर सुरू होणे, हा मुंबईच्या उपनगरांतील दोन पिढ्यांच्या परिचयाचा अनुभव आहे. घाटकोपर-मुलुंडचे क्रमांक पाचाने, अंधेरीचे बरेचसे सहाने आणि बोरिवलीचे आठाने सुरू होत, त्या काळापासूनचा. (पुढे सर्वांच्याच आधी दोन लागला.) खरखर असली तरी माणसे बोलत राहत. एखादा शब्द बुडाला तर ‘पुन्हा सांगा’ म्हणत आणि अर्धा ऐकू आलेला शब्द संदर्भाने पुरा करून घेत. माणसाचा कान आणि मेंदू या कामात फार तरबेज आहेत.

२००५ सालापासून याच तारांवरून घरोघरी इंटरनेट येऊ लागले. आता तारेच्या दोन्ही टोकांना माणसे नव्हती, यंत्रे होती. यंत्राला खरखरीतून अर्थ काढता येत नाही. एक तर त्याने सावकाश बोलायचे, नाही तर संपर्क तुटू द्यायचा. मग सावकाश म्हणजे किती सावकाश? आणि हे ठरवायचे कोणी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना जगभरच्या दूरध्वनी कंपन्यांनी तारेवर एक स्वयंचलित कारभारी नेमला. ग्राहकाला तो दिसत नाही, बिलात त्याचे नाव नसते, परंतु घरातल्या इंटरनेटचा वेग आणि भरवसा बऱ्याच अंशी त्याच्या हाती असतो. त्याची हकीगत आपण पाहणार आहोत. विज्ञानाच्या तासाला वापरता येतील असे काही हिशेब तिच्यात आहेत, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

मुंबईत दूरध्वनी केंद्र सुरू झाले १८८२ साली, एका खासगी कंपनीकडून. त्याच्या आदल्याच वर्षी, १८८१ मध्ये, अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने अमेरिकेत एक एकस्व घेतले होते. त्यातील कल्पना वरवर क्षुल्लक वाटेल: दूरध्वनीच्या दोन तारा समांतर न नेता एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात. बाहेरून येणारा विद्युत्-चुंबकीय उपद्रव मग दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच होतो, आणि ग्राहकाचे यंत्र दोन तारांमधील फरकच मोजत असल्यामुळे तो उपद्रव वजा होऊन जातो. आजही जमिनीखालच्या केबलमधील शेकडो जोड्यांपैकी प्रत्येक जोडीला असा पीळ असतो, आणि शेजारच्या जोड्यांचे पीळ मुद्दाम वेगवेगळ्या मापाचे ठेवतात.

मुंबईची ही यंत्रणा १९४३ मध्ये सरकारच्या ताब्यात आली आणि १९८६ मध्ये महानगर टेलिफोन निगमकडे गेली. एव्हाना उपनगरे वेड्यासारखी वाढत होती. दूरध्वनीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहायची रीत होती, आणि जोडणी मिळाली की ती जशी मिळेल तशी घ्यायची. केंद्रापासून जमिनीखालून मोठी केबल रस्त्याकडेच्या पिलरपर्यंत, तिथून लहान केबल इमारतीच्या डीपी बॉक्सपर्यंत, आणि तिथून भिंतीवरून, गच्चीवरून किंवा झाडाला टेकून घरात. या प्रत्येक टप्प्यावर सांधे. बोलण्याला ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढीच पट्टी लागते, तेवढी या जोडकामातून सहज जाई. पुढे याच तारेकडून कोणी त्याच्या शेकडो पट काम मागेल, हे तार टाकणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. तेव्हाचा मोडेम दूरध्वनी फिरवून, शिट्ट्या आणि फुसफुस ऐकवून जोडला जाई. तो बोलण्याच्याच पट्टीतून माहिती पाठवी, म्हणून इंटरनेट चालू असले की फोन अडलेला. वेग पुढे पुढे सेकंदाला ५६ हजार बिटांपर्यंत गेला आणि तिथे थांबला. हा थांबा तांब्याचा मुळीच नव्हता. केंद्रात शिरताना आवाज सुमारे ४ किलोहर्ट्झला चाळला जाई, ती चाळणी आड येत होती. तार स्वतः त्याहून कितीतरी जास्त वारंवारतेच्या लहरी वाहू शकते. अंतराबरोबर त्या क्षीण होतात एवढेच.

ही गोष्ट अमेरिकेत बेलकोर या संशोधन संस्थेतील जोसेफ लेखलायडर यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस नेमकी हेरली. घरे जितकी माहिती पाठवतात त्यापेक्षा कितीतरी जास्त घेतात, तेव्हा दोन्ही दिशांना सारखी वाट न देता घराकडे येणारी वाट रुंद ठेवावी, असे त्यांनी सुचवले. तेव्हा डोळ्यांसमोर इंटरनेट नव्हते, तारेवरून चित्रपट पोचवण्याचा बेत होता. तो बेत फसला आणि तंत्र इंटरनेटच्या कामी आले. विज्ञानाच्या इतिहासात असे वारंवार घडते.

रुंद वाट वापरायची कशी, याचे उत्तर स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन सिऑफी यांच्या चमूने दिले. १९९३ मध्ये बेलकोरने तीन पद्धतींची चाचणी घेतली, तीत त्यांचा मोडेम सरस ठरला. पद्धत अशी: सुमारे ११०० किलोहर्ट्झपर्यंतच्या सगळ्या पट्टीचे ४.३१२५ किलोहर्ट्झ रुंदीचे २५६ अरुंद पदर करायचे. प्रत्येक पदर म्हणजे एक स्वतंत्र छोटा मोडेम समजा. तो सेकंदाला ४,००० वेळा एकेक संकेत पाठवतो, आणि त्या पदरावर गोंगाट किती आहे ते पाहून एका संकेतात शून्यापासून १५ पर्यंत कितीही बिटे भरतो. शांत पदरावर जास्त ओझे, गोंगाटाच्या पदरावर कमी, अगदीच वाईट पदर रिकामा. मोडेम चालू केल्यावर त्याचे दिवे अर्धा-एक मिनिट लुकलुकतात, तेव्हा तो आणि केंद्रातले यंत्र मिळून सगळे पदर चाचपून पाहत असतात.

आता या कल्पनेला घेऊन बोरिवली-मालाडच्या बाजूला जाऊ. मालाडच्या मालवणी भागात आकाशवाणीचे मध्यम लहरींचे प्रक्षेपण केंद्र. मुंबईची केंद्रे ५५८, १०४४ आणि ११८८ किलोहर्ट्झवर लागत, हे जुन्या श्रोत्यांना पाठ असेल. या आकड्यांना ४.३१२५ ने भागून पाहा. पहिले केंद्र १२९ व्या पदराच्या आसपास पडते, दुसरे जवळजवळ बरोबर २४२ व्या. तिसरे, विविध भारती, २५५ च्या पलीकडे जाते; पण पुढच्या पिढीच्या मोडेममध्ये पदर दुप्पट म्हणजे ५१२ झाले, तेव्हा तेही २७५ व्या पदराजवळ आत आले. जमिनीखालच्या पिळाच्या जोडीला या लहरी फारशा बाधत नाहीत. परंतु डीपी बॉक्सपासून घरापर्यंत गच्चीवरून लोंबत आलेली, पीळ नसलेली पन्नास-साठ मीटर तार म्हणजे उत्तम अँटेनाच. १०४४ किलोहर्ट्झची तरंगलांबी काढली तर २८७ मीटर येते. तिचा चतुर्थांश ७२ मीटर. म्हणजे लांबी अगदी सोयीची! मोडेमने अशा वेळी १२९ आणि २४२ च्या आगेमागचे दोन-तीन पदर सोडून द्यायचे आणि बाकीच्यांवर काम भागवायचे. विविध भारतीची गाणी ऐकू न येताही तारेत शिरलेली असतात.

यात आणखी एक मजा आहे. दिवसा वातावरणाच्या आयनांबरातील सर्वांत खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो आणि शेकडो किलोमीटर दूरची केंद्रे वरच्या थरावरून परावर्तित होऊन येऊ लागतात. रात्री रेडिओवर परगावची केंद्रे लागतात ती यामुळेच. मग दुपारी चालू केलेल्या मोडेमने जो गोंगाट मोजला, तो रात्री नऊला खरा राहत नाही. भर दुपारी ओझे काठोकाठ भरले असेल तर संध्याकाळी ते सांडणार.

म्हणून काठ मोकळा सोडतात. प्रत्येक पदरावर जितकी बिटे बसू शकतील त्याहून थोडी कमी भरायची, म्हणजे गोंगाट वाढला तरी निभावेल. ही राखीव जागा डेसिबेलमध्ये मोजतात आणि सहसा ६ डेसिबेल ठेवतात. तिची किंमत किती, हा हिशेब नववी-दहावीच्या मुलांनाही करता येईल. प्रत्येक जादा बिटासाठी संकेत सुमारे ३ डेसिबेलने सरस असावा लागतो. समजा घराकडे येणारे २०० पदर कामात आहेत. राखीव जागा ६ ऐवजी ९ डेसिबेल केली तर प्रत्येक पदरावरचे एक बिट गेले. २०० गुणिले ४,००० म्हणजे सेकंदाला ८ लाख बिटे कमी झाली. १५ डेसिबेल केली तर २४ लाख. भरवसा विकत घ्यायचा तर वेगाच्या नाण्यात मोल द्यावे लागते, आणि दर हा असा आहे.

दुसरा उपाय वेळेच्या नाण्यात मोल मागतो. लिफ्टची मोटर सुरू झाली, ट्यूबलाइटचा स्टार्टर उडाला, लोकलच्या टपावरच्या दांड्यापाशी ठिणगी पडली, तर क्षणभर सगळ्याच पदरांवर गोंगाटाचा फटका बसतो. अशा वेळी बिटांचा एक सलग तुकडा नासतो. यावरचा उपाय वर्गात फळ्यावर करून दाखवण्यासारखा आहे. भारत, गणित, कमळ, नगर हे चार शब्द एकाखाली एक लिहा. आता आडवे न वाचता उभे वाचा: भा, ग, क, न, र, णि, म, ग, त, त, ळ, र. या क्रमाने अक्षरे पाठवली आणि मधली सलग चार पुसली गेली, तरी पुन्हा मांडल्यावर प्रत्येक शब्दाचे एकेकच अक्षर गेलेले दिसते. ‘भा-त’ वरून भारत आणि ‘क-ळ’ वरून कमळ ओळखू येते. ‘न-र’ मात्र नगर की नजर? इथे अंदाज पुरत नाही. म्हणून रीड आणि सॉलोमन या दोघा गणितज्ञांनी १९६० मध्ये शोधलेली पद्धत वापरून मूळ माहितीबरोबर पडताळ्याचे काही अंक पाठवतात. त्यांच्या आधाराने हरवलेले अक्षर नक्की काढता येते. पण एक पाहा: ‘भारत’ हा पहिलाच शब्द पुरा व्हायला नववे अक्षर येईपर्यंत थांबावे लागले. अक्षरे जितकी दूर दूर विखरू तितका मोठा फटका सोसतो आणि तितकाच उशीर वाढतो. हा उशीर सेकंदाच्या काही शतांशांपेक्षा सहसा जास्त नसतो. पत्र पाठवणाऱ्याला तो जाणवत नाही, समोरासमोर बोलणाऱ्याला किंवा खेळणाऱ्याला जाणवतो.

१४ ऑक्टोबर २००४ रोजी केंद्र सरकारने ब्रॉडबँड धोरण जाहीर केले आणि सेकंदाला २५६ हजार बिटे ही किमान पात्रता ठरवली. जानेवारी २००५ मध्ये महानगर टेलिफोन निगमची ‘ट्रायबँड’ सेवा मुंबईत आली. आजच्या मुलांना २५६ हा आकडा केविलवाणा वाटेल, पण तारेच्या दृष्टीने तो फार सुखाचा होता. २,५६,००० ला ४,००० ने भागले तर एका वेळी अवघी ६४ बिटे. दोनशे पदरांवर ६४ बिटे म्हणजे मोठ्या तपेल्यात वाटीभर पाणी. कितीही हिंदकळले तरी सांडणार कसे? त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, केबलचे खड्डे भरले, असंख्य दूरध्वनी मुके झाले. ती परीक्षा वेगळीच होती. एरवीच्या खरखरीला मात्र ही वाटी दाद देत नसे.

२००७ च्या आरंभी त्याच दरात २० लाख बिटांपर्यंत वेग देण्यात आला. आता एका वेळी ५०० बिटे. केंद्राच्या शेजारी राहणाऱ्याला याचे काहीच नाही. चार किलोमीटरवरच्या घराकडे मात्र वरचे पदर पोचेपर्यंत मरून गेलेले असतात. शंभरच शिल्लक असतील तर प्रत्येकावर पाच बिटे. मुलांना आणखी एक गणित घालता येईल: अर्धा मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या तारेचा जाऊन-येऊन रोध किलोमीटरला सुमारे १७५ ओहम येतो, ०.४ मिलिमीटरच्या तारेचा २७४. केबल टाकताना तांबे वाचवण्यासाठी घेतलेली बारीक तार वीस वर्षांनी कोणाच्या वाट्याला कशी येते, ते यावरून दिसेल. शिवाय शेजारी जसजसे नवे ग्राहक होतात तसतशी एकाच केबलमधील जोड्यांची आपसांतील कुजबुज वाढते. आपली तार तीच, यंत्र तेच, पण गोंगाट शेजाऱ्यांमुळे चढलेला.

अशा अवस्थेत सर्वांना एकच वेग बांधून देण्यात अर्थ उरत नाही. ब्रिटनमध्ये हे आधी ध्यानात आले. मार्च २००६ च्या अखेरीपर्यंत ब्रिटिश टेलिकॉम अर्धा, एक किंवा दोन मेगाबिट असा बांधीव वेग देत असे. त्यानंतर तिने ‘तुमची तार देईल तेवढा, कमाल आठ’ अशी सेवा काढली आणि तारांवर स्वयंचलित कारभारी बसवला. तो पहिले दहा दिवस तारेचे निरीक्षण करी: किती वेळा जोडणी तुटली, किती सेकंद चुकांचे गेले. दहा दिवस का, हे आता सांगायला नको. रात्रीचा रेडिओ, सुट्टीच्या दिवसाची यंत्रे, एखादा पाऊस, सगळे पाहायला हवे. मग तो राखीव जागा वाढवी, अक्षरे विखरण्याचे प्रमाण ठरवी, वेगाला वरची मर्यादा घाली. पुढेही तो रोज हिशेब तपासत राही. मोडेम क्षणाक्षणाला पदरांची अदलाबदल करतो ते काम निराळे. कारभारी दिवसांच्या मापाने विचार करतो. सिऑफी यांनीही २००३ मध्ये नेमक्या याच कामासाठी कंपनी काढली होती. एकेका तारेपुरते न पाहता सगळ्या केबलची मिळून व्यवस्था लावावी, ज्याची तार आखूड आहे त्याने जरा हळू बोलून दूरच्या शेजाऱ्याला वाट द्यावी, असा त्यांचा आग्रह होता.

या कारभाऱ्याचा एक घोटाळा मोठा शिकण्यासारखा आहे. संपर्क मंदावला की ग्राहक काय करतो? मोडेम बंद करून पुन्हा चालू करतो. दिवसातून पाच-सात वेळा केले तर कारभारी समजतो की तारच तुटते आहे, आणि वेग आणखी उतरवतो. ग्राहक चिडून पुन्हा बटण दाबतो! वीज जाणे हाही असाच प्रकार. मुलुंड-भांडुपला वीज महावितरणची, त्यामुळे मुंबईत असूनही भारनियमनाची झळ तिथे पोचत असे. अख्ख्या वस्तीचे मोडेम एकदम मालवले तर तो तारांचा दोष कसा म्हणायचा? यासाठी मोडेमला एक सोय दिलेली असते. वीज गेली की त्याच्यात उरलेल्या कणभर ऊर्जेवर तो केंद्राला ‘मी विजेअभावी चाललो’ असा निरोप देतो. अभियंते याला अखेरची धाप म्हणतात. तो निरोप पोचला तर ते तुटणे हिशेबात धरत नाहीत.

आमच्या मते या व्यवस्थेत खरा वादाचा मुद्दा वेगळाच आहे. पिलरमधील सांध्यात पाणी शिरून जोडीच्या दोन तारांत गळती झाली, तर पूर्वी खरखर होई, ग्राहक १९८ वर तक्रार करी, लाइनमन येऊन सांधा पुन्हा करी किंवा केबलमधील दुसरी जोडी लावून देई. कारभारी आल्यावर तो वेग इतका उतरवतो की तुटणे थांबते. तक्रार येत नाही, म्हणून माणूस जात नाही, म्हणून सांधा कुजत राहतो. ताप उतरवला, रोग तसाच. कंपनीला कमी तक्रारी हव्या असतात आणि ग्राहकाला चांगली तार हवी असते. या दोन गोष्टी नेहमी एक नसतात. वेग आणि भरवसा यांतली निवडही ग्राहकाला कोणी विचारत नाही. मोठ्या फायली उतरवणाऱ्याला अधूनमधून तुटलेले चालते, त्याला वेग हवा. २०२० च्या टाळेबंदीत घरून तास घेणाऱ्या शिक्षकाला मात्र निम्मा वेग पुरला असता. त्याला मधेच एक मिनिट गायब होणे परवडत नव्हते. दोघांना एकच माप लावणारा कारभारी हुशार म्हणावा की नुसताच नेमस्त, यावर मोठ्या मुलांचा वाद घडवून आणता येईल.

जाता जाता एक गंमत. जोडीतली एकच तार तुटली तर फोन पूर्ण मुका होतो, कारण त्याला बंद परिपथ लागतो. इंटरनेट मात्र कधी कधी लंगडत चालू राहते. तुटलेल्या टोकांमधून उच्च वारंवारतेच्या लहरी, धारित्रातून जाव्यात तशा, थोड्याफार पार होतात. कारभारी वेग तळाला नेऊन तेवढ्यावरही संसार चालवतो. अशा घरी फोन बंद पण इंटरनेट चालू ही तक्रार नोंदवताना पलीकडच्या माणसाचा विश्वास बसणे कठीण!

तांब्याचे दिवस आता सरत आले आहेत. ब्रिटनने जुने दूरध्वनी जाळे बंद करण्यासाठी जानेवारी २०२७ ही मुदत ठरवली आहे. मुंबईत आधी केबलवाल्यांनी आणि मग काचतंतूने घरे घेतली. महानगर टेलिफोन निगमचा मुंबईतील कारभार १ जानेवारी २०२५ पासून भारत संचार निगम पाहते. काचतंतूत रेडिओ शिरत नाही, पाण्याने गळती होत नाही, शेजाऱ्याची कुजबुज नसते. पण तंतू दिवाणखान्यातल्या पेटीशी संपतो. तिथून पुढे वायफायच्या लहरींवर पुन्हा तसेच अरुंद पदर, फक्त इथे सगळ्या पदरांवर सारखीच बिटे: गोंगाट कमी असेल तर सगळ्यांवर जास्त, वाढला तर सगळ्यांवर कमी. घाटकोपरच्या एखाद्या इमारतीत भिंतीपलीकडची वीस-पंचवीस घरे त्याच पट्टीत बोलत असतात. संगणकावर वायफायचा जोडणीचा वेग दाखवणारा आकडा मिळतो. पेटीच्या समोर बसून तो लिहून घ्यावा, मग स्वयंपाकघरात जाऊन, मग मधले दार लावून. मुलांनी घरून असे तीन-तीन आकडे आणले की फळ्यावर तक्ता मांडायला वर्गाला अर्धा तास पुरतो.